सिम्युलेशनमध्ये रांगच लागत नव्हती

रुग्णालयाच्या औषध-खिडकीवर अकराला रांग दारापर्यंत, तिच्या संगणकावरच्या मॉडेलमध्ये मात्र जेमतेम दोघं. रांग यावी म्हणून मॉडेलमधला एक फार्मासिस्ट कमी केला, मग सेवावेळ (एका चिठ्ठीला लागणारा वेळ) वाढवला; दुपारीही रांग फुगली. आठवडा पाण्यात.

चूक आवकेत, म्हणजे चिठ्ठ्या कधी किती येतात त्यात होती. मी दिवसाची सरासरी घातलेली. प्रत्यक्षात डॉक्टरांचा राऊंड संपला की वॉर्डांतून चिठ्ठ्यांचा गठ्ठाच येतो.

आधी प्रत्येक चिठ्ठी आल्याची, हातात घेतल्याची, औषध दिल्याची वेळ नोंदवली. मग आवक दर 15 मिनिटांनी बदलती ठेवली, वॉर्डच्या चिठ्ठ्या गठ्ठ्यानेच सोडल्या. सेवावेळेला एका सरासरीऐवजी नोंदींचं वितरण (कुठला वेळ किती वेळा लागला) दिलं. वॉर्म-अप, म्हणजे आकडे न मोजता मॉडेल आधी चालवण्याचा काळ, काढून टाकला (खिडकी सकाळी रिकामीच उघडते, 24 तासांच्या फार्मसीत तो ठेवा). शेवटी 30 वेळा चालवून रांगेचा आणि थांबण्याच्या वेळेचा नोंदींशी ताळा घेतला.

रांग अकरालाच लागली. वॉर्डसाठी वेगळी खिडकी त्यानंतरच तपासली.