लिनक्सवर यूएसबी कीबोर्डला परवानगी देताना ६६६ लिहू नका

कीबोर्ड जोडला, टायपिंग नीट होतं. पण बटणांची मांडणी बदलणारं ॲप ‘परमिशन डिनाइड’ म्हणून अडून बसतं. ॲपला हिडरॉ ही डिव्हाइस फाइल उघडायची असते आणि ती सहसा फक्त रूटला, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याला, उघडता येते. यावर उपाय म्हणजे युडेव्हचा (जोडलेल्या वस्तूंच्या डिव्हाइस फाइली सांभाळणारी लिनक्सची यंत्रणा) एका ओळीचा नियम.

एलएसयूएसबी ही जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी देणारी कमांड चालवून कीबोर्डचा आयडी टिपा. कोलनच्या आधी कंपनीचा (लॉजिटेक असेल तर ०४६डी), नंतर वस्तूचा.

नियमात चार गोष्टी येतात: सबसिस्टिम हिडरॉ, दोन्ही आयडी आणि यूॲक्सेस हा परवानगी देणारा टॅग. आयडी तपासताना शेवटी एस असलेलं ॲट्रिब्यूटच (ATTRS) वापरा, कारण आयडी हिडरॉकडे नसतो, वरच्या यूएसबी डिव्हाइसकडे असतो. आयडीतली अक्षरं लहान लिपीत. अटींना दोन बरोबर चिन्हं (==), टॅगला अधिक-बरोबर (+=).

आता फाइलचं नाव. माझा सर्वाधिक वेळ इथेच गेला आहे. नियम ज्यात ठेवतात त्या रूल्स-डी फोल्डरातल्या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि यूॲक्सेस टॅगवर प्रत्यक्ष कारवाई होते ती ७३-सीट-लेट या फाइलीत. तुमची फाइल ९९ ने सुरू होत असेल तर टॅग लागतो, पण तोवर उशीर झालेला असतो. एररही दिसत नाही. जिकडेतिकडे ‘९९ द्या’ असंच सांगतात. तुम्ही ७० द्या.

मग वैतागून लोक मोड ६६६ लिहितात, म्हणजे फाइल वाचण्या-लिहिण्याची परवानगी सगळ्यांनाच. कृपया लिहू नका. त्याने मशीनवरचं कुठलंही खातं, कुठलीही सेवा त्या कीबोर्डवर दाबलेलं प्रत्येक बटण वाचू शकते, पासवर्डसकट. स्वतःला इनपुट ग्रुपमध्ये टाकणं हा सल्लाही तितकाच वाईट: तुमच्या नावाने चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला सगळ्या कीबोर्डांच्या इव्हेंट फाइली खुल्या होतात. यूॲक्सेस ही परवानगी त्या एका वस्तूपुरती आणि समोर बसून लॉगिन केलेल्या माणसालाच देतो.

युडेव्हचे नियम रीलोड करा, केबल काढून परत लावा.

गेटएफएसीएल या परवानग्या दाखवणाऱ्या कमांडने हिडरॉची फाइल तपासा. तुमच्या नावापुढे आरडब्ल्यू (वाचणं-लिहिणं) दिसलं की झालं. एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करून, काम करणाऱ्यांना मात्र यूॲक्सेस मिळत नाही. त्यांनी या कामापुरता वेगळा ग्रुप काढावा आणि नियमात तो ग्रुप व मोड ०६६० (फक्त मालक आणि ग्रुपला परवानगी) द्यावा.