आगबोटीच्या टपाल-कंत्राटांवर काम करायचंय? मग सुरुवात इथून करा

इतिहासात एमए करणाऱ्या, नाहीतर नुकतंच पीएचडीला रजिस्ट्रेशन झालेल्या पोरांचे अधूनमधून मेसेज येतात, ताई ब्रिटिश काळातल्या टपालावर काहीतरी करायचंय, विलायतेच्या आगबोटी, त्या चालवणारी पी अँड ओ ही ब्रिटिश कंपनी वगैरे, कुठून सुरू करू? दरवेळी तेच तेच टाइप करायचा कंटाळा आलाय म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. माझं काम मुंबई-सुएझ लाइनवर आहे त्यामुळे उदाहरणं तिथलीच जास्त येणार, अटलांटिकवाल्यांनी सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे हा विषय पोस्टाचा आहे असं समजून आत शिरू नका. वरवर बघितलं तर साधा व्यवहार, सरकारने वर्षाला ठरलेले पैसे द्यायचे आणि कंपनीने ठरलेल्या तारखेला बोट सोडायची. पण १८३७ मध्ये ब्रिटनच्या टपाल बोटींचा सगळा कारभार ॲडमिरल्टीकडे म्हणजे आरमाराच्या खात्याकडे गेला आणि १८६० पर्यंत तिथेच राहिला. आता पत्रं पोचवायचं काम आरमाराकडे कशाला? कारण उद्या युद्ध पेटलं तर ह्याच बोटी हाताशी लागणार होत्या. म्हणून बोट आरमाराच्या माणसाने तपासून पास करायची, वेळ पडली तर तोफा चढवता आल्या पाहिजेत, शिवाय बोटीवर थैल्यांसोबत ॲडमिरल्टीचा एक एजंट बसणार. पत्रांच्या तिकिटांतून जेवढे पैसे यायचे त्याच्या कितीतरी जास्त कंपनीला जायचे, आणि हे संसदेत सगळ्यांना माहीत होतं, त्यावर भांडणंही व्हायची. तेव्हा माझा एकच आग्रह आहे, कंत्राट हातात आलं की रक्कम नंतर बघा, आधी अटी वाचा. सरकारला नक्की काय विकत घ्यायचं होतं ते अटींमध्ये असतं.

रकमा बघायच्याच असतील तर जरा जपून. १८३७ मध्ये पेनिन्सुलर कंपनीला लिस्बन-जिब्राल्टरच्या बाजूच्या टपालासाठी वर्षाला २९,६०० पौंड ठरले, हीच कंपनी १८४० मध्ये पी अँड ओ झाली. १८३९ मध्ये क्युनार्ड या बोटवाल्याला अटलांटिकसाठी आधी ५५,००० आणि मग ६०,००० मिळाले. त्याच सुमारास वेस्ट इंडीजवाल्या रॉयल मेल कंपनीला तब्बल २,४०,०००. नवीन विद्यार्थी हे आकडे एका टेबलात टाकतो आणि कोणाला जास्त मिळाले ते लिहून मोकळा होतो. त्याला काही अर्थ नाही. बंदरं वेगळी, फेऱ्या वेगळ्या, अंतर वेगळं. मैलामागे किती पडले ते काढा, संसदेच्या कमिट्यांपुढच्या साक्षींमध्येही भांडण मैलाच्या दरावरूनच चाललेलं दिसेल. आणि भारताच्या तिजोरीतून जाणारा वाटा मोजताना रुपयाचा भाव विसरू नका, १८७३ नंतर चांदी पडली तसा रुपया पौंडापुढे घसरत गेला, म्हणजे पौंडातली रक्कम तेवढीच राहिली तरी इकडून जाणारे रुपये वाढलेच.

मुंबईचा भाग मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो कारण इथे सुरुवात खासगी बोट कंपनीच्या कंत्राटाने झालीच नाही. ह्यू लिंडसे ही ईस्ट इंडिया कंपनीची बोट मुंबईच्याच गोदीत बांधलेली, २० मार्च १८३० ला निघाली आणि २२ एप्रिलला सुएझला पोचली. तिच्यात कोळसा मावायचा पाच-साडेपाच दिवसांचा आणि तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या नुसत्या एडनलाच लागले अकरा दिवस, त्यामुळे जागा मिळेल तिथे कोळसा भरलेला. वाफेवर तांबडा समुद्र गाठता येतो हे सिद्ध झालं पण कोळशाशिवाय काही खरं नाही हेही कळलं. १८३९ मध्ये एडन घेतलं त्यामागे हा कोळशाचा हिशोब होताच. तर मुंबई-सुएझ लाइन ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या आरमाराकडेच ठेवली, पी अँड ओ १८४२ पासून सुएझ-कलकत्ता चालवत होती तरी मुंबई काही सोडेनात. खर्च जास्त, वेळेचा पत्ता नाही, मुंबईचे व्यापारी वैतागलेले, शेवटी १८५४ मध्ये ही लाइन पी अँड ओकडे गेली. सरकारी बोट स्वस्त की ठेकेदाराची, हा वाद आजचा नाही हो.

आता पी अँड ओचं १८६७ चं कंत्राट. एकच कंत्राट वाचायला वेळ असेल तर हे वाचा. वर्षाला ४,००,००० पौंड, ठीक आहे. पण पुढची अट बघा, कंपनीला भागधारकांना ६ टक्के डिव्हिडंड देता आला नाही तर सरकार रक्कम वाढवणार, ५,००,००० पर्यंत. आणि ८ टक्क्यांच्या वर गेला तर वरच्या नफ्यातला चौथा हिस्सा सरकारला. म्हणजे सरकारने टपाल वाहून नेण्याचे पैसे दिले की कंपनीच्या नफ्याची हमी घेतली? मला विचाराल तर दुसरं. आपल्याकडे रेल्वे कंपन्यांना ५ टक्क्यांची गॅरंटी दिली होती तीच बुद्धी इथे चाललेली दिसते, ही तुलना कोणी नीट करून दाखवली तर चांगला पेपर होईल. ती सरकती अट फार काळ टिकली नाही, १८७० मध्ये सरळ ४,५०,००० वर तडजोड झाली.

याच कंत्राटाने मुंबईला दर आठवड्याला विलायतेची डाक मिळायला लागली. १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता रेल्वे जोडली गेली आणि मग कलकत्त्याचं टपालसुद्धा मुंबईतच उतरायला लागलं. आपल्या शहराचं महत्त्व वाढलं त्यात कापसाचं नाव सगळे घेतात, टपालाचं कोणी घेत नाही.

सुएझ कालव्याची गंमत तर सांगायलाच हवी. कालवा उघडला नोव्हेंबर १८६९ मध्ये, मग टपाल लगेच कालव्यातून जायला हवं ना? नाही. कंत्राटात लिहिलेलं की टपाल अलेक्झांड्रियाला उतरवायचं, रेल्वेने सुएझला न्यायचं, तिथे परत बोटीवर चढवायचं. कंपनी म्हणाली आम्ही कालव्यातून नेतो, पोस्ट म्हणालं न्या की, पण तुमचा खर्च वाचणार तर आमचे पैसे कमी करा. कंपनीने आधी नकार दिला. त्यामुळे काही वर्षं बोट कालव्यातून आणि तिच्यातलं टपाल रेल्वेतून असाही प्रकार चालला. शेवटी कंपनीने रक्कम कमी करून घेतली तेव्हा कुठे हे सुटायला लागलं. म्हणून म्हणते, कालवा झाला आणि टपाल फास्ट झालं असं एका वाक्यात लिहू नका, गाइड पकडतील.

माणसांबद्दल कंत्राटात फारसं काही सापडणार नाही. ह्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी होते, त्यांच्यावर सारंग आणि टंडेल, आणि सलूनमध्ये म्हणजे प्रवाशांच्या दिमतीला गोव्याचे लोक, त्यातल्या कित्येकांचं मुंबईतलं घर म्हणजे धोबी तलावाच्या बाजूचे कूड, म्हणजे गोव्याच्या गावकऱ्यांच्या सामाईक खोल्या. करारात ते कुठेच नाहीत. मात्र एका ठिकाणी येतात आणि तेही बाहेर काढण्यासाठी. ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये पोस्ट आणि टेलिग्राफचा कायदा केला, त्याच्या १६ व्या कलमात स्पष्ट लिहिलं की टपालाचं कंत्राट द्यायचं तर बोटीवर फक्त गोरे कामगार हवेत. पी अँड ओ तर आपल्या खलाशांवरच चालायची, त्यामुळे तिला ऑस्ट्रेलियाचे पैसे बंद, ब्रिटनच्या कंत्राटाखाली ती जात राहिली ते वेगळं. टपालाच्या ठेक्यात वंशभेद इतका उघड लिहिलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. कोकणातल्या खलाशांवर काम करणाऱ्यांनी हे कलम मुळातून वाचाच.

आता कागद कुठे मिळतात. परदेशात जायची ऐपत नसेल तरी अर्धं काम घरबसल्या होतं. ब्रिटिश संसदेतल्या जुन्या चर्चा ऑनलाइन फुकट आहेत. पॅकेट म्हणजे टपाल बोटींच्या कंत्राटांवर १८६० मध्ये संसदेची सिलेक्ट कमिटी बसली, त्यात आयर्लंडहून अमेरिकेला जाणाऱ्या गॉलवे लाइनचं प्रकरण वाचा, राजकारणासाठी ठेका कसा दिला जातो ते कळेल. त्यानंतर अशी कंत्राटं मंजुरीसाठी सभागृहापुढे यायला लागली म्हणून वादविवाद छापील मिळतात. शोधताना नुसतं मेल टाकू नका, पॅकेट टाका. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल पोर्टल आहे, तिथे अकाउंट काढा, त्यात पोस्ट आणि फायनान्स दोन्ही खात्यांचे कागद बघा कारण पैसे कोणी भरायचे हे भांडण फायनान्समध्ये सापडतं. मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्राचं पुराभिलेखागार आहे, गाइडचं लेटर आणि ओळखपत्र घेऊन जा, सुरुवात मरीन डिपार्टमेंटपासून. जुने कागद कुठेही जीर्ण झालेले असतात, त्यामुळे एकाच फाइलीवर अख्खा चॅप्टर उभा करू नका. पी अँड ओचे स्वतःचे कागद लंडनला ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात आहेत, फेलोशिप मिळाली तर बघा, नाहीतर त्यावाचून काम अडत नाही.

आणि जुनी पाकिटं! इतिहासाचे विद्यार्थी यांच्याकडे स्टँप जमवणाऱ्यांचा छंद म्हणून बघतात, मला हे पटत नाही. पाकिटावर व्हाया मार्सेल्स लिहिलंय म्हणजे पाठवणाऱ्याने जास्त पैसे मोजून फ्रान्समधून लवकर पोचणारा रस्ता घेतला, साउथॅम्प्टनवरून स्वस्त पण उशिरा. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर मार्सेल्सऐवजी इटलीचं ब्रिंडिसी बंदर दिसायला लागतं. सी पोस्ट ऑफिसचा शिक्का असेल तर ते पत्र चालत्या बोटीवर सॉर्ट झालंय, १८६८ पासून पोस्टाचे कारकून बोटीवर बसून हे काम करायचे, १९१४ च्या युद्धात ते बंद पडलं. निघाल्याचा आणि पोचल्याचा शिक्का मिळाला की कंपनीने वेळ पाळली का ते तुम्ही स्वतः मोजू शकता, कंपनीच्या रिपोर्टवर विश्वास ठेवायची गरजच नाही. फक्त जून ते ऑगस्टची पाकिटं वेगळी काढा. पावसाळ्यात मुंबई-एडन टप्प्याला जादा वेळ धरलेला असायचा, ते टाइमटेबल न बघता उशीर मोजलात तर सगळे हिशोब चुकतील.

नोकरीचं विचारता म्हणून, नुसत्या ह्या विषयावर नोकरी मिळत नाही, नेट-सेटचा अभ्यास सोबत चालू ठेवा. पण विषय रिकामा आहे भरपूर. पी अँड ओवर सगळे लिहितात, ब्रिटिश इंडिया नावाच्या दुसऱ्या बोट कंपनीला १८६२ पासून मुंबई-कराची-इराणी आखात टपालाचं काम होतं, १८७२ पासून एडन-झांझिबार, त्याच्यावर मराठीत काहीच नाही. ती लाइन कोणी घेणार असेल तर आखातातल्या बंदरांची जुनी स्पेलिंगं वहीत उतरवून मगच सर्चला बसा, एकेका बंदराची चार-चार आहेत.