काथ्याची जाळी घालताय? या चुका टाळा

उतारावरची माती पावसात वाहून जाऊ नये म्हणून नारळाच्या काथ्याची जाळी अंथरतात. तरी दर जुलैत फोन येतात, "जाळी घातली तरी माती गेली हो!" जाऊन बघावं तर बहुतेक ठिकाणी चूक तीच, जाळी मातीला टेकलेलीच नसते.

राजापूरकडच्या एका बागेत घरामागचा उतार तासून जाळी घातली होती. ढेकळं, दगड, तोडलेले बुंधे तसेच ठेवून वरून ताणलेली, मच्छरदाणीसारखी. वरच्या कडेला चर नाही, नुसत्या चार खुंट्या. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला आणि पाणी वरून सरळ जाळीखाली शिरलं. मी गेलो तेव्हा जाळी जागच्या जागी होती. उचलून पाहिली तर काथ्या कोरा, मातीचा कण लागलेला नाही. खाली हात जाईल एवढ्या घळी, आणि लाल माती मागच्या पडवीत. एक दिवस वाचवायला गेले आणि आख्खा उतार गेला.

मी आधी दगड-मुळं काढून खड्डे भरून घेतो. माथ्यावर फूटभर रुंद, फूटभर खोल चर खणायचा, जाळीचं टोक त्यात खुंट्यांनी ठोकायचं, माती लोटून पायाने दाबायची. मग गुंडाळी वरून खाली सोडायची, आडवी कधीच नाही. वरच्या पट्टीचं टोक खालच्या पट्टीवर अर्धा फूट, कौलं चढवतो तसं. सुका काथ्या ताठ असतो. पाणी शिंपडलं की मऊ पडून मातीवर बसतो, म्हणून मधल्या बांबूच्या खुंट्या मी त्यानंतरच मारतो. शेवटी अनवाणी चालून बघतो. पायाखाली पोकळ लागलं की तिथे आणखी एक खुंटी. घाई असलेल्या माणसाला हे पटत नाही, पण मला दुसरी खात्रीची रीत माहीत नाही.

नुसती जाळी घालून थांबू नका. काथ्या दोन-तीन वर्षांत कुजतो, आणि कुजायलाच हवा. तोवर मुळांनी माती धरली पाहिजे. पहिला पाऊस मुरला की दोर बाजूला सारून वाळ्याचे ठोंब लावा. दोर कापू नका.

ज्यूट स्वस्त पडतं, पण आमच्या पावसात लवकर विरतं. उभ्या उताराला चौरस मीटरला 400 ग्रॅम वजनाची काथ्याची जाळी नको, 700 ची घ्या. नायलॉनची जाळी तर आणूच नका, त्यात साप अडकून मरतात.

आणि उताराच्या माथ्यावर जमिनीला भेग दिसली, तर जाळी विकत घेऊ नका. जाळी वरची माती धरते, दरड नाही. तिथे आधी पाण्याला वाट काढून द्या आणि जाणकार इंजिनिअरला बोलवा.