टोन मॅप केलेल्या एचडीआर छायाचित्राचा दर्जा कसा पारखावा

घारापुरीच्या लेण्यात आत उभे राहून बाहेर पाहिले, तर खांबांवरचे टाकीचे घावही दिसतात आणि अंगणातले ऊनही. कॅमेऱ्याला हे एका एक्सपोजरमध्ये साधत नाही. म्हणून कमीअधिक एक्सपोजरची छायाचित्रे जोडून एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज, म्हणजे गडदपासून लख्ख उजेडापर्यंतचा मोठा पल्ला सामावणारी) प्रतिमा तयार करतात आणि ती साध्या मॉनिटरच्या उजळपणाच्या २५६ पातळ्यांत बसवण्यासाठी टोन मॅपिंग करतात. या दाटीवाटीत काय हरवले, हे पारखायचे असते.

पारखण्यापूर्वी मॉनिटर डी६५ या पांढऱ्या बिंदूला (दिवसाच्या उजेडासारख्या प्रमाणित पांढऱ्या रंगाला) कॅलिब्रेट करावा, आपोआप बदलणारा ब्राइटनेस बंद ठेवावा आणि दुपारी खिडकीचा जाड पडदा ओढून घ्यावा; मुंबईतल्या छोट्या खोलीत उजेड हमखास थेट मॉनिटरवर येतो.

पहिली नजर खांब आणि आकाश जिथे भिडतात त्या कडेवर टाकावी. तिथे गडद खांबाभोवती उजळ पट्टा उमटला असेल, तर तो हेलो होय. सबंध चित्राचा उजळपणा एकाच वक्राने बदलणाऱ्या टोन मॅपिंगच्या पद्धतीत हा दोष येत नाही, परंतु बारकावे फिके पडतात. भागाभागाने काँट्रास्ट बदलणाऱ्या पद्धतीत बारकावे खुलतात आणि हेलोचा धोका वाढतो. ड्युरांड आणि डॉर्सी या संशोधकांनी २००२ मध्ये बायलॅटरल फिल्टर (कडा न पुसता चित्र मऊ करणारी गाळणी) वापरला, तो कडा जपून हा पेच सोडवण्यासाठीच. त्यानंतर सावलीतील नॉइज (दाणेदार ठिपके) आणि पांढरे पडलेले ऊन पाहावे.

एकाच चित्राच्या वेगवेगळ्या रीतीने टोन मॅप केलेल्या आवृत्त्यांवर अनेकांचे मत घेताना ‘कोणते आवडले?’ आणि ‘कोणते प्रत्यक्षासारखे वाटते?’ हे प्रश्न स्वतंत्र फेऱ्यांत विचारावेत. मी एकदा ते एकत्र विचारले आणि भडक आकाशाची आवृत्ती पहिली आली. प्रत्यक्षात ते आकाश मळकट होते. आवृत्त्यांची तुलना जोडीजोडीने करता येते; पाच आवृत्त्यांच्या दहा जोड्या होतात. त्या डावीउजवीकडे आलटूनपालटून दाखवाव्यात आणि परीक्षकांची रंगदृष्टी इशिहारा चाचणीने आधी तपासावी. दूरचित्रवाणीच्या चित्रांसाठीच्या आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) बीटी.५०० शिफारशीत किमान १५ परीक्षक आणि अर्ध्या तासापर्यंतचे सत्र सुचवले आहे, आणि तो दंडक येथेही चालतो.

माणसे जमत नसतील, तर २०१३ मध्ये येगानेह आणि वांग या संशोधकांनी मांडलेला टीएमक्यूआय (टोन मॅप केलेल्या चित्राच्या दर्जाचा) निर्देशांक संगणकावर काढावा. तो मूळ एचडीआरशी रचना किती जुळते आणि चित्र किती नैसर्गिक वाटते, या दोहोंचे गुण एकत्र करतो. मात्र हे सारे तो केवळ उजळपणावरून मोजतो. आकाश जांभळे झाले तरी त्याला पत्ता लागत नाही, म्हणून रंग डोळ्यांनीच तपासावे लागतात.