सा तिसा

आमच्या नागपुरातल्या सदरच्या चर्चमंडळीतली तीन पोरं यंदा केनियाला मिशन ट्रिपवर, म्हणजे चर्चतर्फे सेवाकामाला, चालली आहेत. परवा त्यातल्या एकाने तर्री पोहे खाता खाता विचारलं, "दादा, तिथे दिवसभर नेमकं काय करावं लागते?" खुर्च्या उचलाव्या लागतात, मी म्हटलं. त्याला ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती.

कागदपत्रांचं पटकन सांगतो, बाकीचं तुम्हाला माहीत असेलच. जानेवारी २०२४ पासून केनियासाठी व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवासपरवाना काढावा लागतो. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस निघायच्या किमान दहा दिवस आधी, तीही सरकारमान्य केंद्रातच घ्या. तिचं पिवळं कार्ड पासपोर्टलाच रबरबँड लावून ठेवा, कारण ते नसलं तर परतल्यावर आपल्याच विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जावं लागू शकतं. स्वेटर घ्या. आफ्रिका म्हणजे ऊन, असं आपल्याला नागपुरात बसून वाटतं, पण माझ्या ट्रिपला आम्ही होतो ते नाकुरू शहर १८५० मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि पहाटे दात वाजतात. तिथे २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. मला हे निघायच्या आदल्या रात्री कळलं. इतवारीतून आणलेल्या पिशव्यांतून साबण-टूथपेस्टचे दोनशे संच बाहेर काढले आणि आईने जुन्या चादरी फाडून पहाटेपर्यंत थैल्या शिवल्या. शिवताना एकच प्रश्न, "काहून चालला इतक्या दूर? इथे काय गरीब नाहीत?" याचं नीट उत्तर मला आजही देता येत नाही. तुम्ही घरून निघायच्या आधी तेवढं शोधून ठेवा.

आणि हो, 'किती जणांना बाटवलं' असं विचारणारे भेटतीलच. तिथे दहातले आठाहून जास्त लोक आधीच ख्रिस्ती आहेत. उपासनेत ते आपल्याला शिकवतील, आपण त्यांना नाही.

आता मुख्य गोष्ट. शनिवारी चर्चच्या आवारात डोळे तपासणीचं शिबिर होतं. डॉक्टर तिथलेच, नैरोबीहून येणार होते. परदेशी डॉक्टरला तिथे तात्पुरती परवानगी काढल्याशिवाय रुग्ण तपासता येत नाही, त्यामुळे ते बरंच होतं. सकाळी नऊला सुरुवात करायची आणि चारला डॉक्टर परत निघणार, असं ठरलेलं. वस्तीच्या तोंडाशी फलक लावायचं काम माझ्याकडे आलं.

मी विमानात मोबाइलवरून स्वाहिली आकडे पाठ केले होते. मोजा, म्बिली, तातू, न्ने, तानो, सिता, साबा, नाने, तिसा, कुमी. तास म्हणजे 'सा'. म्हणजे नऊ वाजता 'सा तिसा'. मोठ्या अक्षरांत, झोकात लिहिलं. चर्चचा स्थानिक मुलगा बाजारात गेला होता. तो येईपर्यंत थांबायला मला काय झालं होतं, देव जाणे.

शनिवारी नऊ वाजले, दहा वाजले, अकरा वाजले. सहा माणसं आली, तीही चर्चमधलीच. डॉक्टर मोबाइल बघत बसले. आमचे टीम लीडर, ज्यांची ही सातवी ट्रिप होती, म्हणाले, "आफ्रिकन टाइम आहे, येतील सावकाश." तेव्हा मीही मान डोलावली, याची आज लाज वाटते.

आले सगळे. बरोबर तीन वाजता, अगदी वेळेवर आले.

हे नीट समजून घ्या, कारण इथेच पाय घसरतो. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्य उगवल्यापासून मोजतात. नाकुरू विषुववृत्ताला लागून आहे, त्यामुळे बारा महिने सूर्य साधारण साडेसहाला उगवतो आणि साडेसहालाच मावळतो. मग सकाळचे सात म्हणजे पहिला तास, 'सा मोजा'. आठ म्हणजे 'सा म्बिली'. आपले नऊ म्हणजे 'सा तातू', तिसरा तास. दुपारी बारा म्हणजे 'सा सिता', आणि 'सा तिसा' म्हणजे दुपारचे तीन. संध्याकाळी सातला पुन्हा 'मोजा'पासून सुरुवात. सोपी युक्ती अशी की घड्याळात जो आकडा दिसतो, त्याच्या अगदी समोरचा आकडा बोलायचा. नऊच्या समोर तीन, दहाच्या समोर चार. पण गोम पुढेच आहे. तोच माणूस इंग्रजीत बोलताना 'नाइन' म्हणतो आणि स्वाहिलीत वळला की 'तातू'. मनगटावरचं घड्याळ मात्र आपल्यासारखंच. त्यामुळे इंग्रजीत ठरवलेली वेळ बरोबर, स्वाहिलीत ऐकलेली वेळ बरोबर, चूक होते ती एकातून दुसरीत उतरवताना. मोबाइलने मला आकडे अगदी अचूक शिकवले होते. म्हणूनच फसलो.

सगळ्यात जास्त झोंबलं ते पुढचं. दर उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) मी बारा ते तीन चर्चमध्ये बसतो. येशू क्रुसावर असताना सहाव्या तासापासून नवव्या तासापर्यंत अंधार पडला, हे लहानपणापासून ऐकतोय. नववा तास म्हणजे दुपारचे तीन हे मला पाठ होतं. स्वाहिली बायबलमध्ये तिथे 'सा तिसा'च लिहिलंय.

तासाभरात जेवढ्यांचे डोळे तपासता आले तेवढे तपासले, मग डॉक्टर गेले. तेवीस जण राहिले. एक आजी दोन टेकड्या ओलांडून आली होती. मी मोडक्यातोडक्या भाषेत चूक माझी आहे असं सांगितलं, तर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "पोले, काका." स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ (आणि दादा म्हणजे बहीण, पहिले दोन दिवस माझी फार करमणूक झाली). 'पोले' म्हणजे तुझ्यावर जे ओढवलं त्याचं मला वाईट वाटतं. चष्मा तिचा हुकला होता, आणि कीव ती माझी करत होती.

मी हिस्लॉप कॉलेजचा. ज्यांच्या नावाचं ते कॉलेज, ते स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले, मराठी शिकले, गोंडी शब्द टिपत हिंडले आणि १८६३ मध्ये पुराच्या पाण्यात गेले. अठरा वर्षं. माझ्याकडे अकरा दिवस होते आणि दहा आकडे. तेव्हा मी तरी म्हणेन, भाषेत शॉर्टकट मारू नका. नमस्कारापुरती शिका, जरूर शिका, लोक खूश होतात. पण वेळ, औषध आणि पैसा या तीन गोष्टी स्वतःच्या स्वाहिलीत कुणाला सांगू नका.

मार्गदर्शक निवडतानाही तेच. सात ट्रिपा केलेला माणूस विमानतळावर उपयोगी पडतो. तिथे पोचल्यावर चर्चचा स्वयंपाक करणारी बाई शोधा. आमच्याकडे होत्या, सगळे त्यांना मामा म्हणायचे, म्हणजे आई. त्यांनी फलक शुक्रवारीच वाचला होता. पाहुण्यांनी दुपारचीच वेळ ठेवली असेल, असं त्यांना वाटलं. मी विचारलं असतं तर त्यांनी उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) ढवळता ढवळता सांगितलं असतं.

घाबरू नका मात्र. तुमच्या हातूनही काहीतरी चुकेल, आणि बहुतेक चुका निस्तरता येतात. रविवारी उपासनेनंतर आम्ही त्या तेवीस जणांची यादी पाळकांना दिली. त्यांनी फोन करून दोन आठवड्यांनंतरचं शिबिर ठरवलं. जुना फलक पुसून नवा मामांनी लिहिला, 'सा तातू असुबुही', म्हणजे सकाळचा तिसरा तास, खाली आकड्यांत ९.०० सुद्धा. मी रंगाचा डबा धरून उभा होतो.