धान्याची धूळ आणि छाती: दाणाबाजारातील कामगारांनी घ्यावयाची काळजी

मशीद बंदरचा घाऊक दाणाबाजार वाशीला गेला, तरी पोती उतरवणाऱ्या, बारदान झटकणाऱ्या आणि गाळ्यापुढे सांडलेले धान्य झाडून-पाखडून घेणाऱ्या कामगारांच्या नाकातोंडात जाणारी धूळ तीच राहिली. या धुळीत कोंडा, बुरशीचे बीजाणू, जिवाणूंपासून आलेले एंडोटॉक्सिन हे विषद्रव्य, किडींचे अवशेष आणि शेतातील सिलिकायुक्त माती असते. त्यामुळे ‘अन्नाचीच धूळ, तिने काय होणार’ हा समज आधी सोडावा.

त्रास कामाशी निगडित आहे का, हे ओळखण्यासाठी त्याच्या वेळा पाहाव्यात. सुट्टीच्या दिवशी किंवा गावी गेल्यावर खोकला आणि छातीतील घरघर कमी होत असेल व कामावर परतताच पुन्हा सुरू होत असेल, तर संशयाला भक्कम जागा आहे. दम्याची लक्षणे काही वेळा काम संपल्यावर काही तासांनी, अगदी रात्रीही, उमटतात आणि म्हणून कामाचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही. धुळीचा मोठा मारा झाल्यावर काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो व एक-दोन दिवसांत उतरतो. मुंबईच्या पावसाळ्यात त्याला मलेरिया समजले जाणे स्वाभाविक आहे, आणि रक्ततपासणी करावीच, परंतु आदल्या दिवशी कोणता माल हाताळला हेही डॉक्टरांना सांगावे. आजार जुना झाला की सुट्टीतही आराम पडत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे.

पीक फ्लो मीटर हे श्वास किती जोराने बाहेर पडतो ते मोजणारे, फुंकण्याचे साधे उपकरण औषधाच्या दुकानात मिळते. उठल्यावर, कामाच्या मध्ये, काम सुटल्यावर आणि झोपताना, प्रत्येक वेळी तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा वहीत लिहावा. कामाचे व सुट्टीचे दिवस धरून निदान दोन ते चार आठवडे अशी नोंद ठेवल्यास ती डॉक्टरांच्या फार उपयोगी पडते.

धूळ कमी करण्याचे खरे काम ती जेथे उठते तेथेच करावे लागते, आणि ही जबाबदारी मुख्यतः गाळेमालकाची व मुकादमाची आहे. धान्य उंचावरून ओतू नये. चाळणीवर झाकण आणि धूळ ओढून घेणारा पंखा बसवावा. रिकामे बारदान बंद गाळ्यात झटकू नये. कोरड्या झाडूऐवजी औद्योगिक व्हॅक्यूम क्लीनर वापरावा. हवेच्या झोताने कपडे साफ करण्याची सवय सर्वांत घातक, कारण खाली बसलेली धूळ त्यामुळे थेट श्वासाच्या उंचीवर येते. पाणी शिंपडून झाडणे सोयीचे वाटते, पण दमट हवेत ओले धान्य बुरशी धरते, म्हणून तो उपाय धान्याजवळ करू नये. भिजलेली, कुबट वासाची पोती वेगळी काढावीत.

गहू, बार्ली व ओट यांच्या धुळीसाठी अमेरिकेतील एसीजीआयएच या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने शिफारस केलेली कमाल मर्यादा आठ तासांच्या सरासरीने दर घनमीटर हवेत ४ मिलिग्रॅम, तर पिठाच्या धुळीसाठी अवघी ०.५ मिलिग्रॅम आहे. पिठाच्या गिरणीत काम करणाऱ्यांनी दुसरा आकडा विशेष ध्यानात घ्यावा. हे प्रमाण डोळ्यांनी ठरत नाही, मोजावे लागते. शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक आरोग्यशास्त्राचा विभाग आहे, तेथे कामगार संघटनेमार्फत विचारणा करावी.

मास्क शेवटी. रुमाल किंवा उपरणे बांधल्याने बारीक धूळ अडत नाही. आयएस ९४७३ या भारतीय मानकाचा, एफएफपी२ दर्जाचा मास्क घ्यावा आणि तो चेहऱ्याला घट्ट बसतो का ते पाहावे; दाढी असल्यास कडेने हवा शिरते. साठ्याला कीडनाशक गोळ्या लावलेल्या असतील, तर त्यांतून निघणाऱ्या फॉस्फिन वायूपुढे हा मास्क निरुपयोगी ठरतो, म्हणून हवा खेळती होऊन गोदाम सुरक्षित असल्याची खात्री झाल्याशिवाय आत पाऊल टाकू नये.

खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर क्षयरोगासाठी थुंकी तपासावीच. पण अहवालात दोष आढळला नाही म्हणून तपास थांबवू नये, स्पायरोमेट्रीचा, म्हणजे फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणाऱ्या तपासणीचा, आग्रह धरावा. केसपेपरवर व्यवसायाच्या जागी ‘मजुरी’ न लिहिता नेमके काम आणि किती वर्षे केले ते लिहून घ्यावे. सेंद्रिय धुळीच्या अ‍ॅलर्जीने होणारा फुप्फुसदाह १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होता आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० च्या तिसऱ्या अनुसूचीतही आहे; दावा करायची वेळ आली तर माथाडी मंडळाच्या हजेरीइतकाच हा केसपेपरही लागतो.