एका जुन्या स्कॉटिश धुनेचा माग कसा काढावा

फिडलवरची एखादी स्कॉटिश धून ऐकून गलबलून आलं, तर ती पुन्हा लावण्याआधी तिचं पूर्ण नाव कागदावर लिहून घ्या. यातल्या बहुतेक धुनांना शब्द नसतात. कोणी, कोणासाठी, कशामुळे बांधली याचा पहिला पुरावा अनेकदा नावातच असतो. मी इथे मला सर्वांत जवळची वाटणारी धून उदाहरणाला घेते : ‘नील गाऊज लॅमेंट फॉर द डेथ ऑफ हिज सेकंड वाइफ’. म्हणजे नील गाऊने आपल्या दुसऱ्या बायकोच्या मृत्यूनंतर केलेला विलाप. (फिडल म्हणजे व्हायोलिनच. वाद्य तेच, वाजवण्याची रीत आणि घराणं वेगळं.)

१. नाव फोडून वाचा

या एका नावातून तीन गोष्टी हाती लागतात : वाजवणारा कोण, धुनेचा प्रकार कोणता आणि कोण गेलं. शोधताना एक काळजी घ्या. नील हे नाव इंग्रजीत लिहिताना हा माणूस आधी ‘आय’ आणि मग ‘ई’ लावत असे. आज रूढ असलेलं स्पेलिंग उलटं आहे, त्यामुळे दोन्ही प्रकारे शोधा. आडनावाचा उच्चार ‘गो’ नव्हे, ‘गाऊ’.

आणि नावात काय नाही, तेही टिपून ठेवा. जिच्यासाठी हा विलाप आहे तिचं नाव त्यात नाही. ती फक्त ‘दुसरी बायको’ आहे. मला या धुनेचा माग काढावासा वाटला तो यामुळेच.

२. माणूस आणि गाव शोधा

नील गाऊ १७२७ मध्ये पर्थशरमध्ये जन्मला आणि डंकेल्डजवळच्या इन्व्हर या खेड्यात राहिला. टे नदी तिथून जवळच वाहते. घराण्यात पैसा नव्हता, म्हणून तो प्लेड, म्हणजे तिथल्या जाड लोकरी शाली विणायचं काम शिकला. फिडल मात्र लहानपणीच हातात आली होती. १७४५ मध्ये एका स्पर्धेत तो पहिला आला. परीक्षक होता जॉन मॅक्रॉ नावाचा अंध वादक. शंभर वादकांतूनही नीलचा गज मी ओळखेन, असं तो म्हणाल्याचं सांगतात. त्या वेळी नील अठरा वर्षांचा होता.

हे ‘गज ओळखेन’ प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. व्हायोलिनचा गज खाली ओढताना हाताचं वजन सोबत असतं, म्हणून सूर भरीव निघतो. वर ढकलताना तो सहसा क्षीण पडतो. नीलचा वर जाणारा गजही खालच्याइतकाच दमदार होता, आणि त्याची कीर्ती मुख्यतः त्यावर उभी होती. स्ट्रॅथस्पे या नृत्यप्रकाराला हेच लागतं. स्पे नदीच्या खोऱ्यावरून नाव पडलेल्या या प्रकारात आखूड सुराला लगेच लांब सूर जोडून एक झटका दिला जातो. तो झटका ढिला पडला की नाचणाऱ्याचं पाऊल उचलत नाही.

पुढे अ‍ॅथॉलच्या ड्यूकचा आश्रय मिळाला आणि मोठमोठ्या घरच्या नृत्यसभांना नीलशिवाय शोभा येईना. भाऊ डोनाल्ड चेलोवर साथीला असे. १७८७ मध्ये कवी रॉबर्ट बर्न्स त्याला भेटून गेला आणि त्याने आपल्या प्रवासाच्या टिपणांत या ठेंगण्या, भक्कम बांध्याच्या, करड्या केसांच्या माणसाचं वर्णन लिहून ठेवलं. हेन्री रेबर्नने त्याचं चित्र काढलं आहे. ते अवश्य शोधून पाहा. गुडघ्यापर्यंतची चौकड्यांची विजार, हातात फिडल आणि नजर समोरच्यावर नाही, सुरात गुंतलेली. चरित्राची चार पानं वाचूनही जे कळत नाही, ते या चित्रात दिसतं.

३. जी नावात नाही, तिला शोधा

नीलची पहिली बायको मार्गारेट वाइझमन. तिच्यापासून झालेल्या मुलांपैकी चौघे वादक झाले. त्यांतल्या नथॅनिएलने पुढे एडिनबरात संगीत छापण्याचा व्यवसाय थाटला. पहिली गेल्यानंतर १७६८ मध्ये नीलने पर्थच्या मार्गारेट अर्कहार्टशी लग्न केलं. दोन्ही बायकांचं पहिलं नाव एकच, त्यामुळे नोंदी चाळताना घोटाळा होतो. आडनाव आणि लग्नाचं साल जुळवूनच पुढे जा.

मार्गारेट अर्कहार्ट १८०५ मध्ये वारली. सदतीस वर्षांचा संसार. नील तेव्हा अठ्ठ्याहत्तरीत होता. आयुष्यभर लोकांना नाचवणाऱ्या माणसाने या वयात ही संथ धून बांधली. दोनच वर्षांत, १ मार्च १८०७ रोजी, तोही गेला.

४. छापील पुरावा पाहा आणि थोडा संशय ठेवा

धून पहिल्यांदा कोणत्या संग्रहात छापली गेली, हे शोधणं फार महत्त्वाचं. गाऊ घराण्याचा पहिला संग्रह १७८४ मध्ये निघाला. हा विलाप पाचव्या संग्रहात, १८०९ मध्ये आला, म्हणजे नीलच्या पश्चात मुलांच्या हातून. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने असे जुने संग्रह पानोपान ऑनलाइन ठेवले आहेत. तिथे मूळ पान पाहायला मिळतं.

संशय कशासाठी? गाऊंच्या संग्रहांत दुसऱ्यांच्या धुना नाव बदलून किंवा श्रेय न देता छापल्या गेल्या होत्या. गॉर्डनच्या ड्यूकचा कारभारी विल्यम मार्शल हा मोठा रचनाकार होता. बर्न्सने तर त्याला त्या काळातला स्ट्रॅथस्पेंचा पहिल्या प्रतीचा रचनाकार मानलं. त्याच्याही धुना अशा सापडल्या. म्हणून संग्रहावर गाऊंचं नाव दिसलं की धून गाऊंचीच, असं धरून चालू नका. त्याआधीच्या छापील पुस्तकात तीच सुरावट दुसऱ्या नावाने आहे का, ते तपासा. आपला विलाप मात्र नीलचाच मानला जातो, आणि त्यामागचा प्रसंगही तारखांशी जुळतो.

५. आता कानाने तपासा

इथवर कागद झाले. आता एकट्या फिडलवर वाजवलेली धून निवडा. सुरुवातीला गिटार-पियानोची साथ नको. हार्मोनियम जवळ असेल तर पांढरी दोनचा सा धरा, कारण ही धून पाश्चात्त्य डी मेजर स्वरसप्तकात आहे. आपल्या भाषेत सगळे स्वर शुद्ध, बिलावल थाटाचे. शोकाची धून म्हटली की आपले कान कोमल गंधार, कोमल धैवत शोधू लागतात. इथे ते मिळत नाहीत. हा माणूस रडत नाहीये, तो तिची आठवण काढतोय, असं मला दर वेळी वाटतं. शुद्ध स्वरांत एवढी कळ कशी मावली, हे ऐकण्यासाठी तरी तिच्यापाशी तासभर थांबा.

चाल तीन-तीन मात्रांची आहे. दादऱ्याच्या सहा मात्रा बोटांवर मोजल्या तर अंदाज येतो, पण ठेका धरू नका. संथ धुनेत वादक श्वासासारखं मागेपुढे होतो. धुनेचे दोन भाग आहेत. पहिला गुणगुणता येईपर्यंत दुसऱ्याकडे वळू नका.

६. व्हायोलिन वाजवत असाल तर

तारा पाश्चात्त्य पद्धतीने लावा. सा डी धरला की चार तारा अनुक्रमे मंद्र म, सा, प आणि तार रे अशा येतात. म्हणजे सा आणि प मोकळ्या तारेवर, आणि स्कॉटिश फिडलला लागणारी गुंज आपोआप मिळते. आधी आलंकारिक हरकती बाजूला ठेवून नुसती सुरावट वाजवा. मींड मोह पाडेल. आपल्या हाताला ती सवय असते, पण इथे दोन सुरांमधली वाट स्वच्छ राहू द्या. सजावट करायचीच तर सुराआधी अगदी हलका कणस्वर पुरे. वर जाणाऱ्या गजाचा वेगळा सराव करा, नीलची सगळी मेहनत तिथेच होती. आणि शेवटच्या सुरावर गज झटक्यात उचलू नका, तारेवरच हळूहळू थांबवा.